गृहमंत्री महोदय, पोलीस ठाण्यातल्या मारहाणीची नोंद होऊ द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यात विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. आमच्याकडे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर येते. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय गेला नाही. माणसाला उचलायचं, रात्रभर ठाण्यात बदडायचं आणि सकाळी अटक न दाखवता सोडून द्यायचं, ही जुनी रीत आहे.

अटक दाखवली नाही, इथेच सगळं अडतं. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी हे सारं बंधनकारक केलं. पण प्रत्यक्षात हे हक्क अटकेची नोंद झाली तरच मिळतात. सुटलेला माणूस सरकारी दवाखान्यात गेला, तर 'पोलिसांचं पत्र आणा' म्हणतात. ज्यांनी मारलं त्यांच्याकडूनच पत्र आणायचं? तोवर वळ उतरतात.

जखमेची नोंद नसली की काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

म्हणून माझी पहिली मागणी डॉक्टरांबाबत आहे. आरोग्य विभागासोबत स्पष्ट आदेश काढा: पोलिसांच्या पत्राविना ग्रामीण रुग्णालयाने तपासावं, जखमा लिहाव्यात आणि अहवालाची प्रत त्याच दिवशी जखमीच्या हाती द्यावी.

दुसरी, कॅमेऱ्यांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण हवं, ते १८ महिने, निदान वर्षभर जपायला हवं आणि पीडिताला ते मागता येतं. न दाखवलेल्या अटकेचा तोच एक साक्षीदार आहे. अर्ज आला त्या दिवशीच ते चित्रण जपून ठेवायची जबाबदारी ठाणेदारावर नावानिशी टाका.

बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते, हे बेड्यावर कुणी सांगितलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जिल्हा पातळीवर प्राधिकरण सांगितलं होतं. आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने ते अनेक जिल्ह्यांच्या विभागाला नेऊन ठेवलं. रोजमजुरी बुडवून तिथवर कोण जाणार? किमान अर्ज तरी तालुका विधी सेवा समितीत घ्या. आदिवासींना, स्त्रियांना, कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. त्यासाठीचा १५१०० हा फोन क्रमांक प्रत्येक ठाण्याच्या दारावर ठळक लिहा.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक विधी स्वयंसेवक, जि. यवतमाळ