दोन भावांची दुकाने

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, दादा आणि धाकटा आपली दुकाने वाटून वेगळे होणार हे ठरल्यापासून बाबा नीट जेवत नाहीत, असे आईने सांगितले. फोनवर मला धड बोलता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

मी जर्मनीत राहते तेथून एसेन शहर जवळच आहे. तेथे १९१३ साली आल्ब्रेख्त कुटुंबातील आईने लहानसे किराणा दुकान काढले. युद्धानंतर, १९४६ साली, कार्ल आणि थिओ या तिच्या मुलांनी ते हाती घेतले. कायद्याने जास्तीत जास्त ३ टक्के सूट देता येई. इतर दुकानदार गिऱ्हाइकाला तिकिटे जमवायला लावून ही सूट नंतर देत; या भावांनी ती किमतीतूनच आधी वजा केली. जाहिरात नाही, न खपणारा माल फळीवर नाही. आजही त्यांच्या 'आल्डी' नावाच्या दुकानांत खोक्याचे तोंड कापून माल तसाच मांडलेला असतो. आई आपल्या लातूरच्या गोलाईतल्या दुकानात बिस्किटांचे खोके असेच ब्लेडने कापून ठेवते आणि आम्ही तिला हसायचो!

पुढे सुमारे ३०० दुकाने झाल्यावर, १९६० च्या सुमारास, हे भाऊ वेगळे झाले, आणि तेही सिगारेटवरून. थिओला त्या विकायच्या होत्या. कार्लच्या मते त्यामुळे चोऱ्या वाढल्या असत्या. त्यांनी उत्तर-दक्षिण मुलूख वाटून घेतला, पण 'आल्डी' हे एकच नाव दोघांनीही वापरले.

आपल्याकडे भांडण उधारीचे आहे. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत दादाला शेतकऱ्याला माल द्यायचा आहे. धाकट्याला रोखीनेच, पण स्वस्त विकायचे आहे. बाबा, १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या गिऱ्हाइकांची उधारी तुम्ही खतावणीतून खोडलीत, तेव्हा दादा शेजारी बसला होता. पुढे उधारी बुडाल्यामुळे एक दिवाळी आडत्याकडून उसने आणून काढावी लागली, ती धाकट्याने पाहिली. दोघेही तुमच्याचकडून शिकले आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षी.

तेव्हा गोलाईचे दुकान दादाला आणि औसा रस्त्यावरचे धाकट्याला द्यावे, असे मला वाटते. पाटीवरचे नाव एकच असावे, आणि साखर-तेलाची खरेदी एकत्रच व्हावी, म्हणजे भावही पडता मिळेल. जुना पितळी तराजू कोणाकडे जाईल, ते मात्र आईने ठरवावे.

आपली लेक