गिटारचा रियाज नेमका कुठे अडतो ते दाखवल्याबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

एखादी ओळ मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) ८० वर, म्हणजे मिनिटाला ८० ठोक्यांवर, चोख वाजते, ९० वर विस्कटते आणि कितीही घासली तरी आकडा पुढे सरकत नाही. अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: तास वाढवा. तुम्ही तसं सांगितलं नाहीत. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी शोधायला लावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमची पद्धत इतर शिकणाऱ्यांच्याही हाती पडावी म्हणून हे पत्र खुलं लिहीत आहोत.

अख्खी ओळ पुन्हापुन्हा वाजवायची नाही, फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगात ऐकायची. सोळा स्वरांत बिघडलेले बहुधा दोन-तीनच निघतात, आणि ते बऱ्याचदा तार बदलताना. पिकने (तार छेडायची छोटी चकती) एका तारेवर तीन स्वर, खाली-वर-खाली, वाजवून सहावीवरून, म्हणजे सर्वांत जाड तारेवरून, पाचवीवर जायचं तर पुढचा स्ट्रोक (छेड) वरचा येतो. म्हणजे पिकला पाचवी तार ओलांडून पलीकडून परत यावं लागतं. अडकतं ते तिथे, आणि आपण मात्र डाव्या हाताला दोष देत बसतो! एवढी एकच उडी, आधीचा एक आणि नंतरचा एक स्वर धरून, वेगळी काढायची. ती सुटली की दोन्ही बाजूंनी एकेक स्वर जोडत जायचं.

वेगाबद्दल तुम्ही जे दाखवलंत त्याचं मोल आम्हाला सर्वांत जास्त वाटतं. संथ वाजवताना पिक तारेत खोल गेलं, बोटं उंच उचलली, तरी काही बिघडत नाही. वेगात त्या हालचालींना वेळच उरत नाही. त्यामुळे ६० वर घोटत राहिलं की अनेकदा ६० चीच हालचाल पक्की होते. म्हणून थेट ११० वर चार स्वर वाजवायचे, पाचवा पुढच्या ठोक्यावर टेकवायचा आणि हात पूर्ण सैल सोडायचा. पिकचं टोक तारेच्या पातळीखाली जेमतेम एक-दोन मिलिमीटर. चार स्वर स्वच्छ आले तरच आठ. खांदा किंवा जबडा आवळला गेला तर तिथेच थांबायचं, आणि दुखलं तर त्या दिवशी गिटार बाजूला ठेवायची.

एफच्या बार कॉर्डबद्दलही (एक बोट तारांवर आडवं ठेवून वाजवायचा स्वरसमूह) आभार मानायलाच हवेत. तर्जनीने सहाही तारा दाबायच्या नसतात. तिच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली येते, बाकीच्या तीन इतर बोटं सांभाळतात. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती केली की तिची हाडाची कड तारेवर बसते. आणि तोच आकार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) स्वच्छ वाजून पहिल्यावर खरखरत असेल, तर नट (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) तपासायचा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघायची. ती केसाएवढी असावी. जास्त असेल तर नटची खाच खोल करून घ्यायची. ते काम जाणकाराचंच, कारण खाच जास्त घासली गेली की मोकळी तार फ्रेटवर आपटून झणझणते.

एकाच अडचणीवर सलग तासभर बसण्याऐवजी दहा-दहा मिनिटं आलटूनपालटून तीन गोष्टी घ्यायच्या, हेही तुमचंच सांगणं. ते पाळतो आहोत.

आपले विद्यार्थी