रजा आता घालवू नकोस

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, पूर्ण काढून टाक. रिस्क नको." मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल, आई रडतेय. रडत नव्हते. ज्याविषयी आपण बोलत होतो त्याचं नाव तुझ्यासमोर मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. तू 'तो भाग' म्हणत होतास, मी 'ते' म्हणत होते. असं आडून आडून बोलत एवढी मोठी गोष्ट सांगता येईना. लिहायला बसले की मला स्तन हा शब्द लिहिता येतो. तूही वाचताना संकोचू नकोस.

आधी निर्णय सांगते. मी स्तन ठेवणार आहे. कॅन्सरची गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा निरोगी भाग काढतील, काखेतल्या ग्रंथी तपासतील, आणि जखम भरली की रेडिएशन, म्हणजे आपल्या बायका ज्याला शेक म्हणतात ते. पुढच्या बुधवारी बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन आहे.

आता हे कसं ठरलं ते ऐक.

श्रावणात न्हाणीत साबण लावताना डाव्या बाजूला, वर काखेच्या अंगाला, हाताला काहीतरी कडक लागलं. दुखत नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मग चवथ तोंडावर आली. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, रंगकाम, तुम्ही सगळे येणार. सणात घरावर सावट नको म्हणून कोणाला बोलले नाही. तुम्ही घुमट वाजवत आरत्या म्हणत होतात आणि मी स्वयंपाकघरात पदराआड पुन्हा पुन्हा तिथेच चाचपून बघत होते. ही माझी चूक. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सूनबाईला हे आवर्जून सांग. माझं नाव घेऊन सांग.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची बायोप्सी हे सगळं तुला ताईने कळवलंच आहे. गाठ १.८ सेंटीमीटरची. दुधाच्या नळीत सुरू होऊन नळीबाहेर पडलेला कॅन्सर, बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळतो तोच प्रकार. हॉर्मोनवर वाढणारा आहे, त्यामुळे पुढे निदान पाच वर्षं रोज एक गोळी. केमोथेरपी लागेल की नाही ते ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल.

डिचोलीची माझी आते तुला आठवणार नाही, तू लहान होतास. १९७९ साली तिला मुंबईला नेलं होतं. गाठ तपासायची आहे एवढंच तिला सांगितलेलं. भूल उतरली तेव्हा छातीची एक बाजू सपाट झालेली होती. कागदावर आतोबांची सही होती. त्या काळी टेबलावरच गाठ तपासायची आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत सगळं काढून टाकायचं, अशी पद्धत होती. कोणी दुष्टपणा केला नव्हता, पण तिला कोणी विचारलंही नव्हतं. पुढे ती पोलक्यात कापसाची गादी शिवून घालायची. डावा हात सुजून जड झालेला, कळशी उचलवत नसे. लग्नकार्यात ती कायम मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. आम्ही मुली तिला विचारायचो, आते, बाहेर का येत नाहीस? ती म्हणायची, इथं वारा बरा येतो. त्या खोलीला खिडकी नव्हती.

मला बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" उत्तर त्याच दिवशी मागितलं नाही, विचार करायला आठ दिवस दिले. मला आतेच आठवली. तिच्या वाट्याला जो प्रश्न आला नाही तो मला कोणी विचारतंय, तर त्याचं उत्तर तुझ्या किंवा ताईच्या तोंडून कसं देऊ?

शाळेत शिकवायचे तशी वही घेऊन गेले होते. पहिली शंका तुझीच विचारली. पूर्ण काढलं की विषय संपत नाही का? त्या म्हणाल्या, शंभर वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. अमेरिकेत बाल्टिमोरला हॉलस्टेड नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी असं सगळं काढायला सुरुवात केली. झाडाची मुळं पसरतात तसा कॅन्सर गाठीपासून चहूकडे पसरत जातो, म्हणून जितकं खोल खणाल तितकं बरं, अशी समजूत. आतेचं ऑपरेशन त्याच वळणाचं. पुढे कळलं की काही पेशी गाठ लहान असतानाच रक्तातून दूर गेलेल्या असू शकतात. त्या गेल्या असतील तर छातीवर कितीही मोठी सुरी चालवली तरी हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी गोळ्या आणि औषधं. बाबू, हे ऐकेपर्यंत मीही तुझ्याच बाजूची होते.

मग त्यांनी इटलीतल्या मिलान शहराची गोष्ट सांगितली. उंबेर्तो वेरोनेझी नावाच्या डॉक्टरांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांवर उपचार केले. सगळ्यांच्या गाठी माझ्यासारख्याच, दोन सेंटीमीटरच्या आतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून निम्म्या बायकांचं पूर्ण ऑपरेशन केलं आणि निम्म्यांचा स्तन ठेवून गाठीकडचा हिस्साच काढला, वर शेक दिला. वीस वर्षं त्यांच्या मागावर राहून २००२ मध्ये निकाल छापला. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, शंभरात साधारण २४ ते २६.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून दुसरा आकडाही लिहिते. आजार त्याच जागी परत येण्याचं प्रमाण सारखं नव्हतं. स्तन ठेवलेल्या ३५२ जणींपैकी ३० जणींच्या त्याच स्तनात तो परतला, पूर्ण काढलेल्या ३४९ पैकी आठ जणींच्या छातीवर. म्हणजे काढून टाकलं तरी शून्य होत नाही, आणि ठेवलं तर थोडा जास्त धोका आहेच. तो जागेवरच परतला आणि वेळेत दिसला तर पुन्हा ऑपरेशन करता येतं. म्हणून दरवर्षी मॅमोग्राफी. दरवर्षी रिपोर्ट हातात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा येणार, हे मला माहीत आहे आणि ते मी धरून चालले आहे.

पण शेक चुकवायचा नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी अशीच पाहणी केली होती, तिचाही वीस वर्षांचा निकाल २००२ मध्येच आला. नुसती गाठ काढलेल्यांत शंभरातल्या ३९ जणींच्या त्याच स्तनात आजार परतला, शेक घेतलेल्यांत १४ जणींच्या. हे आकडे वहीत लिहिले तेव्हा मी त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या. स्तन ठेवायचा तर शेकाचा एकही दिवस बुडवायचा नाही.

माझं एक कारण मात्र डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे खोडून काढलं. मी म्हटलं, आतेसारखा हात सुजायला नको, म्हणूनही स्तन ठेवते. त्या म्हणाल्या, हाताची सूज मुख्यतः काखेतल्या ऑपरेशनमुळे येते, स्तन ठेवा नाही तर काढा, तिचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. आता आधी निळा रंग टोचून काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथीच शोधून काढतात आणि तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, मग सुजेची भीती बरीच कमी. आणि हो, त्या रंगाने एक-दोन दिवस लघवी निळी-हिरवी होते म्हणे, ताईला आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर ती घाबरेल.

आतेमुळे माझं रक्तही तपासायला पाठवलं होतं, घराण्यातून येणारा बिघाड आहे का ते बघायला. तसं काही निघालं नाही. निघालं असतं, गाठी दोन-तीन ठिकाणी असत्या, किंवा स्तनाच्या मानाने गाठ मोठी असती, तर मी तुझं ऐकलं असतं. आणि उद्या काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला तर पुन्हा टेबलावर जावं लागेल. तेवढ्यानेही कडा स्वच्छ झाल्या नाहीत तर पूर्ण काढायला मी हो म्हटलं आहे. हट्ट नाही रे हा.

इस्पितळात नंबर येईपर्यंत बाकावर बसावं लागे, तिथे सांग्याची एक बाई माझ्या शेजारी असायची. माझ्याच वयाची, गाठही जवळजवळ तेवढीच. तिने पूर्ण काढायचं ठरवलं. घरी चार गुरं, कुळागर, नवरा अंथरुणावर. ती म्हणाली, "बाई, मी तीन आठवडे रोज कशी येऊ? आणि ते राहिलं तर मी रोज रात्री चाचपत बसेन, मला झोप लागायची नाही." तिलाही डॉक्टरांनी सांगितलं की ग्रंथींत कॅन्सर सापडला तर काढल्यावरही शेक घ्यावा लागू शकतो. ते ऐकूनही तिचं ठरलं ते ठरलं. तिचं बरोबर आहे. आम्ही दोघींनी एकमेकींचे नंबर घेतलेत.

माझं काय बरोबर आहे, ते सांगायला मला जरा अवघड जातंय.

गेल्या आठवड्यात तुझी मोठी काकू आली होती. तिने मायेनेच विचारलं, "आता या वयात कशाला हवंय ते तुला? भाऊजी असते तर गोष्ट वेगळी." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. म्हणजे ते त्यांचं होतं, आणि ते गेल्यावर बिनकामाचं झालं? तुम्हा दोघांना पाजलं, तुम्ही मोठे झालात, तेव्हाही त्याचं काम संपलं? तुला पाजलं म्हणून मी ते ठेवतेय असंही समजू नकोस. ते आईपणाचं कारण लोकांना आवडतं, माझं नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. सकाळी न्हाऊन आरशासमोर साडी नेसते तेव्हा जी बाई दिसते तिची मला सवय आहे, ती मला आवडते. एकदा तसं म्हणून बघितलं आणि मग सगळं सोपं झालं.

तुझ्या मनात काकूसारखं काही नव्हतं, ठाऊक आहे. तुला भीती वाटली. बाबांच्या वेळी आपल्याला काही ठरवायला वेळच मिळाला नाही, म्हणून या वेळी तुला लगेच काहीतरी करून टाकायचं होतं. पण त्या अर्ध्या तासात "आई, तुला काय वाटतं?" एवढं एकदा विचारायला हवं होतंस. रागाने लिहीत नाही. पुढे कधी सूनबाईच्या बाबतीत काही ठरवायची वेळ आली तर ते आधी विचार, एवढ्यासाठी लिहिते.

टाटाला जाऊया म्हणालास. ताई मागच्या सोमवारी कोकणकन्येने जाऊन परळला सगळे कागद दाखवून आली. त्यांनीही हेच सांगितलं. पैशांचं मनात आणू नकोस.

शेक आठवड्याचे पाच दिवस, असे तीन आठवडे, आणि गाठीच्या जागेवर वरती आणखी काही दिवस द्यावा लागेल कदाचित. गाठ डाव्या बाजूची, खाली हृदय. दीर्घ श्वास घेऊन धरून ठेवला की छाती फुगते आणि हृदय थोडं लांब सरकतं, तेवढ्या वेळात किरण देतात. किती वेळ धरता येईल असं तिथल्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षं भजनात आलाप घेतेय, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत. आता रोज पहाटे तुळशीपाशी बसून घड्याळ लावून सराव करते. काल चोवीस सेकंद झाले.

तेव्हा बुधवारसाठी धावत येऊ नकोस. ऑपरेशनला ताई आहे, जावई आहेत, दोन-तीन दिवसांत घरी सोडतील. तुझी रजा शेकासाठी राखून ठेव. वाळपईहून साखळी, डिचोली करत पणजी आणि तिथून बांबोळीची दुसरी बस, रोज जाऊन येऊन हे मला एकटीला झेपणार नाही. शेवटी शेवटी अंगात फार थकवा येतो म्हणतात. तीन आठवडे तू गाडी चालव, मी शेजारी बसेन. तारीख कळली की कळवते.

येताना दोन-तीन सैलसर सुती पोलकी आण, पुढून बटणांची. शेकाच्या जागेवर घट्ट कपडा चालत नाही. माप सूनबाईकडे आहे.

तुझी,
आई