दादा ओळखू येईल का, असं विचारलंस म्हणून

प्रिय आई, बाबा,
सप्रेम सलाम.

आई, दादा शेवटी फार वाळला होता. तेच तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही म्हणतेस, आणि परवा फोनवर हळूच विचारलंस, "वर गेल्यावर तो मला ओळखू येईल का गं?" फोनवर मला बोलता येत नाही, गळा दाटतो. म्हणून लिहिते आहे.

बायबलमधला योहानाचा 20 वा अध्याय काढ. मरीया मग्दालिया कबरेपाशी रडते आहे, येशू समोर उभा आहे, आणि तिला वाटतं हा माळी आहे. जिनं त्याला वधस्तंभावर जाताना पाहिलं, तिलाही तो ओळखू आला नाही. मग त्यानं नावानं हाक मारली आणि तिनं ओळखलं. त्याच अध्यायात पुढे थोमा आहे, खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. देवाला त्या पुसता आल्या असत्या, पण पुसल्या नाहीत. लूक तर सांगतो, त्यानं शिष्यांदेखत भाजलेली मासळी खाल्ली. म्हणूनच चर्चमध्ये आपण उभं राहून म्हणतो ते शरीराच्या पुनरुत्थानाबद्दल, नुसत्या आत्म्याबद्दल नाही.

दादाची डावी भुवई आठव. मिरजेच्या किल्ल्याजवळ सायकलवरून पडला होता, टाके पडले, आणि तिथं पुन्हा केस उगवलेच नाहीत. तू किती दिवस साय चोळायचीस. ती भुवई तशीच असेल आणि ते खप्पड गाल नसतील, असं मी मनापासून धरून चालते. शरीर नेमकं कसं असेल हे प्रेषित पौलानंही सांगितलेलं नाही. त्यानं करिंथकरांना पेरलेल्या दाण्याचं उदाहरण दिलं. बाबांनी रानात हळद लावलीय, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. गड्ड्याकडे बघून पान कसं येणार हे कुणाला सांगता येतं? पण हळदीच्या गड्ड्याला हळदच येते.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. मातीच्या दिवशी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून तुम्हाला म्हणालं, "विश्वासी माणसानं रडायचं नसतं." तेव्हापासून तुम्ही गप्प आहात, चर्चमधल्या पेटीलाही हात लावला नाहीत. बोलणारा चांगल्या मनानं बोलला असेल, पण शास्त्र तसं सांगत नाही. येशू बेथानीला पोचला तेव्हा त्याच्या मित्राला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो तेही एवढंच, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो कुठं म्हणतो?

आणि तुम्हाला हे मी काय सांगू! वान्लेस साहेबांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या दवाखान्यात तुमची उभी हयात गेली. रात्रपाळीत कितीतरी जणांचे डोळे तुमच्या हातांनी मिटलेत. त्यांच्या माणसांना तुम्ही कधी "रडू नका" म्हणाला नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे करायचात आणि त्यांचं रडणं संपेस्तोवर शेजारी बसून राहायचात.

दादाशेजारी तुम्हा दोघांची जागा बघून ठेवायची म्हणता, त्याला माझी ना नाही. पाळकसाहेबांना विचारू, मी बरोबर येईन.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसनं येते. शनिवारी कबरेला चुना मारू. आई, शेवंती मिळाली तर हार घरीच कर. ईस्टरला पहाटे कबरस्थानात जायला रिक्षा सांगून ठेवते, बाबांना चालत न्यायचं नाही. पेटी वाजवावीशी वाटली तर वाजवा, बाबा. नाही वाटली तर चर्चमध्ये मागच्या बाकावर आपण तिघं बसू.

बीपीची गोळी दोघांनीही चुकवू नका.

तुमची,
बेबी