मुळांची यादी नको, शब्दांची फोड हवी

महोदय,

इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून सहावी ते आठवीच्या मुलांना ग्रीक-लॅटिन मुळे शिकवतात, हे चांगलेच. पण बहुतेकदा होते काय, तर शंभरेक मुळे अर्थांसह वहीत उतरतात आणि चाचणीपुरती पाठ होतात. ‘स्पेक्ट म्हणजे पाहणे’ असे घडाघडा सांगणारे मूल वाक्यात ‘रेट्रोस्पेक्ट’ (मागे वळून पाहणे) आला की अडते. शब्द फोडायची सवयच त्याला लागलेली नसते.

आठवड्याला एक मूळ पुरे. सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून करावी. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल हे शब्द फळ्यावर रोमन लिपीत एकाखाली एक लिहावेत. समान तुकडा मुलांनीच शोधावा, अर्थाचा अंदाजही त्यांनीच बांधावा. ‘वाहून नेणे’ हा अर्थ वर्गातून आला की ‘डिपोर्ट’सारखा नवा शब्द द्यावा, तोही सुटा नव्हे, वाक्यात. मग शब्दकोशात व्युत्पत्ती पडताळावी.

वेळ नाही म्हणून नेमकी ही शेवटची पायरी गाळली जाते आणि घोटाळे तिथेच होतात. ‘पोर्ट्रेट’मध्ये ‘पोर्ट’ दिसतो, पण वाहून नेण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘पेडल’मधला ‘पेड’ लॅटिन, अर्थ पाय. ‘पेडियाट्रिक’मधला ग्रीक, अर्थ मूल. ‘इन्फ्लेमेबल’चे उदाहरण तर प्रत्येक वर्गात द्यावेच. तिथला ‘इन’ नकारार्थी नाही. शब्दाचा अर्थ ‘पेट घेणारा’ असाच आहे. डब्यावर तो वाचून मुलाने उलटा अर्थ लावला तर काय होईल, हे सांगायला नको.

स्पेलिंगलाही या फोडीचा फायदा होतो. ‘इन’ला ‘लीगल’ जोडताना ‘एन’चा ‘एल’ होतो, म्हणून ‘इल्लीगल’मध्ये दोन ‘एल’. ‘रेग्युलर’ला जोडताना दोन ‘आर’. उत् + लेख = उल्लेख हा संधी शिकलेल्या मुलांना हे वेगळे पाठ करावे लागत नाही, फक्त तो शेजारी मांडून दाखवावा लागतो. सुरुवातीला अन, री, इन, डिस हे चार उपसर्ग पक्के करावेत. शालेय इंग्रजी पुस्तकांतल्या उपसर्गयुक्त शब्दांपैकी निम्म्याहून अधिक शब्द यांच्यावरच उभे आहेत.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांची मोठी शिदोरी मात्र बहुधा वापरलीच जात नाही. आपल्या कित्येक परिभाषा तुकड्याला तुकडा जोडून घडवलेल्या आहेत. थर्म + मीटर, ताप + मापी. मायक्रो + स्कोप, सूक्ष्म + दर्शक. टेली + फोन, दूर + ध्वनी. एवढे तीन शब्द समोरासमोर लिहिले तर ‘टेलिस्कोप’ आणि ‘मायक्रोफोन’ मुले स्वतः फोडतात. गणिताच्या तासाला ‘क्वाड्रिलॅटरल’ घ्यावा : चार + बाजू, म्हणजे चौकोन. ‘आयसॉसेलीस’ (समद्विभुज) म्हणजे समान पायांचा. ग्रीकांनी ज्यांना पाय म्हटले त्यांना आपण भुजा म्हणतो. मुलांना याची गंमत वाटते आणि संज्ञा लक्षात राहते. म्हणून हे काम एकट्या इंग्रजीच्या शिक्षकावर टाकू नये. विज्ञान आणि गणिताच्या तासाला नवी संज्ञा आली की पाच मिनिटे तिची फोड करावी.

शिकवलेले मूळ आठवड्याने आणि पुन्हा महिन्याभराने नव्या शब्दांत समोर आणावे, नाहीतर ते विरते.

चाचणीत ‘अमुक मुळाचा अर्थ काय’ हा प्रश्न नको. वर्गात न घेतलेला शब्द वाक्यात द्यावा आणि दोन गुण ठेवावेत : एक फोडीला, एक त्या वाक्यात बसणाऱ्या अर्थाला. कारखान्याविषयीच्या वाक्यातला ‘मॅन्युफॅक्चर’ हात + करणे असा फोडला तर पहिला गुण जरूर द्यावा. पण अर्थ ‘हाताने बनवणे’ असा लिहिला तर दुसरा देऊ नये.

– एक भाषा शिक्षक