सूचना: बाळाच्या टाचेची रक्ततपासणी चुकवू नका

मंडळाच्या सर्व भगिनींना,
घरी गरोदर सून-लेक असेल तर हे जरूर वाचा. जन्मानंतर 48 ते 72 तासांत बाळाच्या टाचेतून काही थेंब रक्त कागदावर घेऊन थायरॉईड तपासतात. दोष असलेले बाळही गुटगुटीत दिसते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले (गोळी चुरून आईच्या दुधातून देतात) तर मेंदूची वाढ सहसा नीट होते. औषधाला उशीर झाल्याने झालेले नुकसान पूर्ण भरून निघत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत रिपोर्ट राहतो, तो मागून घ्याच.

थायरॉईडला आयोडीन लागते, म्हणून मिठागरातले जाडे मीठ लोणच्याला ठेवा. रोजच्या हुमणात (माशांच्या कालवणात) आयोडीनयुक्तच घाला, गरोदरपणी तर नक्कीच.

शंका असल्यास रविवारी सभेत विचारा, सुनांनाही आणा.