सत्तर काड्या

सातारा,
दि. १२ ऑगस्ट

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे जानेवारीतले पत्र आणि नातीच्या बारशाचे फोटो मिळाले होते. उत्तर आज लिहायला बसलो आहे, कारण एका विचित्र पेचात सापडलो आहे आणि तो तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. घरी सांगून पाहिला, तर सगळे हसले. गुडघा आहे तसाच आहे, साखर आवाक्यात आहे. प्रकृतीचे प्रकरण इथेच संपले.

एका मुलांच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे अमेरिकन लेखक जॅक लंडनवर लेख मागितला होता. त्याचे आयुष्य सांगायचे आणि शेवटी कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लोंडाइकच्या थंडीत आग पेटवू पाहणाऱ्या माणसाची ती ‘टू बिल्ड अ फायर’ ही गोष्ट थोडक्यात द्यायची, असे ठरले होते. मी लेख पाठवला. परवा संपादकांचा फोन आला. लेख फार आवडला, आयुष्य तर कादंबरीसारखे आहे, फक्त शेवटी तेवढा तो माणूस वाचवता आला तर बघा, असे ते म्हणाले. "दिवाळीचा अंक आहे हो, त्यात प्रेत नको." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आवाज संपादकांचा असला तरी मागणी तुझी होती, वसंता. होस्टेलच्या गच्चीवर तू हेच म्हणाला होतास की जवळ धडधाकट कुत्रा असताना माणूस थंडीने मरतोच कसा. आणि बापू मध्ये पडला नसता तर आपण त्या रात्री हातघाईवर आलो असतो.

लेखाच्या निमित्ताने ती गोष्ट पुन्हा सावकाश वाचली. उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे ५९ च्या आसपास. तरुणपणी मला हा आकडा लेखकाने फुगवला असावा असे वाटे. पण त्याच युकॉन प्रदेशात स्नॅग नावाच्या ठिकाणी फेब्रुवारी १९४७ मध्ये उणे ६३ सेल्सियसची नोंद झालेली आहे. पारा उणे ३९ लाच गोठतो, तेव्हा तिथे साधा तापमापकही मुका होतो. तू एडमंटनच्या उणे तिसाचे कौतुक लिहितोस आणि रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची ऊब द्यावी लागते म्हणून मुलाच्या नावाने खडे फोडतोस, त्याच्या जवळजवळ दुप्पट खाली तो माणूस एकटा पायी निघाला होता. तो थुंकतो आणि थुंकी जमिनीवर पडण्याआधी हवेतच तडकते. जेवणाची बिस्किटे गोठू नयेत म्हणून त्याने ती शर्टाच्या आत उघड्या अंगाला लावून ठेवलेली असतात.

तू त्याला मूर्ख म्हणायचास. मला ते तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. ओढ्याच्या बर्फाखाली डोंगरातून झिरपणारे झरे असतात आणि ते कितीही थंडीत गोठत नाहीत, हे त्याला माहीत असते. धोका वाटला तिथे तो कुत्र्याला पुढे ढकलून वाट तपासतो. दुपारी आग पेटवून व्यवस्थित जेवतो. त्याच्याकडे एकच गोष्ट नसते. उणे ७५ म्हणजे बोचरी, कडक थंडी, एवढेच त्याला कळते. माणूस नावाचा प्राणी उष्णतेच्या फार अरुंद पट्ट्यात जगू शकतो, इतका दूरचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्याने त्याला बजावलेले असते की उणे पन्नासाच्या खाली क्लोंडाइकमध्ये कोणी एकट्याने प्रवास करू नये. असले म्हातारे बायकी असतात, असे मनात म्हणून तो हसतो. आपणही अण्णांना असेच हसत होतो. फक्त आपल्याकडे थंडी नव्हती म्हणून निभावले.

मग पाय पाण्यात जातो आणि तो नडगीपर्यंत भिजतो. तो चिडतो, पण घाबरत नाही. आग पेटवतो, तीही नीट पेटते, आणि तो म्हाताऱ्यावर पुन्हा एकदा हसतो. पण ही आग त्याने स्प्रूसच्या झाडाखाली पेटवलेली असते, झुडपातल्या काटक्या ओढून तिथल्या तिथे टाकता याव्यात म्हणून. प्रत्येक काटकी ओढताना झाड किंचित हलते, आणि वरच्या फांदीवर साचलेला बर्फ खालच्या फांदीवर, तिथून त्याखालच्या फांदीवर, असा कोसळत येऊन आग गाडून टाकतो.

यानंतरची दोन पाने मी लेखात जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहेत, आणि संपादकांना खुपली ती बहुधा हीच. शरीर आपला गाभा वाचवण्यासाठी बोटांतले रक्त आधी काढून घेते, त्यामुळे बोटे असून नसल्यासारखी होतात. बोटांना काडी धरता येत नाही म्हणून तो दोन्ही तळहातांच्या मनगटाकडच्या भागांमध्ये काड्यांचा सबंध जुडगा दाबून धरतो आणि पायावर घासतो. सत्तर गंधकी काड्या एकदम पेटतात. त्याला आपलेच मांस जळल्याचा वास येतो, आणि वेदना त्यानंतर कळते. तरीही तो हात सोडत नाही. आग मात्र धरत नाही, कारण थरथरणाऱ्या हातांनी तो निखाराच विस्कटतो.

आता तुझा कुत्रा. त्याला मारून त्याच्या गरम पोटात हात खुपसावेत, असा विचार माणसाच्या मनात येतो. तो हाक मारतो, पण आवाजात भीती असते. असा आवाज कुत्र्याने त्याच्याकडून कधी ऐकलेला नसतो, म्हणून तो जवळ येत नाही. मग माणूस नेहमीच्या चाबकाच्या सुरात दरडावतो आणि कुत्रा मुकाट्याने येतो. माणूस त्याला दोन्ही हातांनी कवळतो, आणि तेव्हा त्याला कळते की आपल्याला काहीच करता येणार नाही, सुरी काढता येत नाही, गळाही आवळता येत नाही. बर्फात बसून तो कुत्र्याला नुसता मिठीत धरून राहतो. तू म्हणायचास की कुत्र्याने त्याला ऊब द्यायला हवी होती. अरे, ज्याने चाबकापलीकडे काही दिले नाही, त्याचे कुत्रे कोणत्या नात्याने देणे लागत होते? यावर तू त्या वेळी मला निर्दय म्हणाला होतास, आणि महिनाभर मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसत होतास.

आणि तरीही संपादकांची मागणी मला झटकून टाकता येत नाही, कारण खुद्द लंडननेच ती एकदा पुरवलेली आहे. १९०२ मध्ये ‘यूथ्स कम्पॅनियन’ या मुलांच्या साप्ताहिकात त्याने हीच गोष्ट आधी लिहिली. तिच्यात कुत्रा नाही आणि माणसाला टॉम व्हिन्सेंट असे नाव आहे. त्याचाही पाय भिजतो, त्याचीही आग बर्फाखाली गडप होते. पण तो हात भाजून घेऊन शेवटी आग पेटवतो आणि वाचतो. हातांवर जन्माचे व्रण राहतात आणि एकट्याने कधी प्रवास करू नये, हे त्याला पटते. १९०८ मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकात जी आली ती आपली. तिच्यात माणसाला नाव नाही, आणि तो मरतो. पहिली गोष्ट मी मुलांसाठी लिहिली होती, असा खुलासा त्याने नंतर ‘सेंच्युरी’च्या संपादकाला पत्राने केला. म्हणजे नाव असलेला वाचला आणि नाव नसलेला गेला. तुझा शेवट आधीचा आणि माझा नंतरचा, यात तू विजय मानशील हे ठाऊक आहे. पण पाच-सहा वर्षांनी तोच लेखक ती गोष्ट पुन्हा लिहायला का बसला, याचे उत्तर आधी दे.

माझे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात, एकविसाव्या वर्षी, तो क्लोंडाइकला सोने शोधायला निघाला, तेव्हा सावत्र बहीण एलायझाने घर गहाण टाकून पैसे उभे केले होते. तिचा साठीचा नवरा बरोबर निघाला आणि वाटेतली चिलकूट खिंड बघूनच परत फिरला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. लंडनने टनभर सामान एकेक ओझे करून पाठीवरून खिंडीपलीकडे नेले. पुढचा हिवाळा त्याने स्टुअर्ट नदीच्या तोंडाशी, सोबत्यांबरोबर एका लाकडी खोपटात काढला आणि ताज्या अन्नावाचून त्याला स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. १८९८ च्या जूनमध्ये तो होडीतून युकॉन नदीने खाली निघाला. वाटेत ॲन्विक या गावी कोणीतरी बटाटे आणि टोमॅटोचा डबा दिला, त्याचे मोल त्याला सोन्याच्या खाणीहून अधिक वाटले. सोने म्हणशील तर साडेचार डॉलरचे मिळाले. तो वाचला तो अशा माणसांमुळे. टॉम व्हिन्सेंट लिहिताना हे सगळे अगदी ताजे असणार. १९०७ मध्ये, ‘स्नार्क’ या नौकेवरून सफरीला निघालेला, नावलौकिक मिळवलेला लंडन हवाईच्या उन्हात बसून उणे ७५ पुन्हा लिहितो, तेव्हा त्याला धडा द्यायचा नाही. तिथे थंडीला कोणाला शिकवायचे नाही आणि शिक्षाही करायची नाही, तिला त्या माणसाची खबरच नाही. संपादकांच्या म्हणण्याप्रमाणे तो वाचला की थंडी एकदम मास्तरीण होते. माझा नकार एवढ्यासाठीच आहे, प्रेताच्या हौसेसाठी नाही.

लंडननेही म्हाताऱ्याचे कुठे ऐकले? मूत्रपिंडे बिघडली असताना डॉक्टरांचे न ऐकता अर्धी कच्ची बदके खात राहिला आणि २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, चाळिसाव्या वर्षी गेला. हेही लेखात आहे, आणि गंमत म्हणजे या प्रेताला संपादकांची हरकत नाही.

तर आता असे केले आहे की दोन्ही शेवट सालासकट ओळीने लिहिले आहेत, आधी १९०२ चा, मग १९०८ चा, आणि मुलांना विचारले आहे की कोणता खरा वाटतो. पण जागा दोन पाने आहे आणि दोन्ही शेवट त्यात मावत नाहीत. एक काढायचा तर कोणता, हे तू सांग, आणि कारणासह सांग. "माझा ठेव" एवढेच लिहिलेस तर धरणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर हवे. पत्र पोहोचायला वेळ लागेल म्हणून याचा फोटोही पाठवतो आहे.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? मुलाची नवी नोकरी कशी आहे? नातीला माझ्याकडून आशीर्वाद. नातवाला एवढे विचार, की तिथल्या शाळेत मुलांचा पाय बर्फात भिजला तर काय करायला शिकवतात. लेखात चौकट द्यायची आहे.

तुझा,
मधू

ता. क. बापू म्हणतो, त्या भांडणात चूक तुमच्या दोघांची नव्हती, मेसच्या जेवणाची होती.